पंधराचे अठरा

आमच्या वर्गाला कोणी नावाने ओळखत नाही. सतरा नंबर म्हणतात. ज्यांची शाळा सुटली, सोडवली गेली किंवा ज्यांना हाकललं, ती पोरं सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतात, म्हणून आम्ही सतरा नंबर. धुळ्यात एका मोठ्या शाळेच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. तिथे दुपारी आम्ही बसतो. पुढच्या शाळेची मधली सुट्टी झाली की गणवेशातली पोरं जाळीला नाक लावून आमच्याकडे बघतात. बघा म्हणावं. आमच्यात मिशीवाले आहेत, मंगळसूत्रवाल्या आहेत, हायवेवरच्या ढाब्यावर रात्रभर भांडी घासून डोळे चोळत येणारा तोताराम आहे. आणि मी आहे. सुलक्षणा. वय एकोणीस.

वय आताच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड वयाचीच आहे.

फेब्रुवारी लागला होता. परीक्षा तोंडावर. त्या आठवड्यात जळगावहून रुची मॅडम आल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. घरचं कापडाचं दुकान, पण दुकानात न बसता त्या कुठल्याशा संस्थेत लागल्या होत्या. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आमच्यासारखे जेवढे वर्ग आहेत, तिथल्या मुलांच्या आरोग्याला धोका असलेल्या सवयींचा त्या सर्व्हे करत होत्या. हे वाक्य त्या इतक्या गोड बोलल्या की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आम्हीच धोका आहोत मॅडम, सवय कसली.

फॉर्म वाटले गेले. मॅडमनी दोनदा बजावलं की नाव लिहायचं नाही. कागदावर कुठेही नाव दिसता कामा नये. कोणी काय लिहिलं ते कोणालाही कळणार नाही, त्यामुळे खरं लिहा.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्या. आम्ही दहावीची पोरं. त्यात एकदा-दोनदा पडलेली. वर्षभर आमच्या अभिमन सरांनी आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती. पेपरवर नाव लिहिलं की कॉपी केस. नाव नाही, उजव्या कोपऱ्यात फक्त नंबर. नंबर विसरलात की पेपर गेला, वर्ष गेलं. सराव परीक्षेत कोपरा रिकामा सोडला म्हणून एकाला त्यांनी अख्खा तास उभं केलं होतं. त्यामुळे ‘नाव लिहू नका’ हे शब्द कानावर पडले आणि सगळ्या वर्गाने, कोणी न सांगता, उजव्या कोपऱ्यात आपापला हजेरी नंबर टाकला. ठळक, दोनदा गिरवून. मीसुद्धा. हात आपोआप गेला. आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मॅडमचं त्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या तीस दिवसांत किती दिवस गुटखा किंवा तंबाखू खाल्ली. तोताराम उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, खाल्ला नाही ते दिवस विचारा ना. पटकन होईल.” वर्ग हसला. मॅडमही हसल्या, ते बरं वाटलं. मुलींच्या रांगेत वेगळाच गोंधळ. मिसरी तंबाखूत धरायची का? आमच्याकडे मिसरीने दात घासतात, आई घासते, आजी घासायची, त्याला कोणी तंबाखू म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, धरायची. निम्म्या मुलींनी जीभ चावली आणि खाडाखोड केली. गाडीत सीटबेल्ट लावता का, असाही एक प्रश्न होता. आम्ही साक्रीकडून काळीपिवळीने येतो. एका सीटवर पाच, टपावर वेगळे. तिथे बेल्ट कशाला लागतो, माणसंच माणसांना बांधून ठेवतात.

मारामारी. दारू. फवारणी करताना तोंडाला काही बांधता का. घरात कोणी हात उचलतं का. जीव द्यावासा वाटला का. हा प्रश्न आला तेव्हा कोणी हसलं नाही. 

आणि मग, मुलींसाठी: कधी गरोदर राहिला होतात का. राहिला असाल, तर त्या वेळी वय किती होतं.

धोक्याच्या सवयींच्या यादीत हा प्रश्न. गुटख्याच्या खाली, फवारणीच्याही खाली. गरोदर राहणं ही माझी सवय होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पेन हातात धरून मी थोडा वेळ बसले. कोरोनात शाळा बंद पडल्या, मग बाकीच्यांच्या उघडल्या, माझी उघडली नाही. नववीत होते. घरी मोबाइल एक, तो बापाच्या खिशात. पोरगी घरात बसून काय करते, म्हणून बापाने पिंपळनेरकडचं स्थळ आणलं. आधारच्या झेरॉक्सवर जन्मतारखेचं साल काळं निघालं, कसं निघालं ते झेरॉक्सवाल्याला विचारा. मांडवात सगळ्यांना अठरा सांगितलं. त्यानंतर दिवस राहिले. पोटात दुखायला लागलं, तेव्हा दवाखान्यात सासूने एकोणीस सांगितलं, कारण कमी सांगितलं की पोलीस येतात. मी खाटेवर पडून ऐकत होते. माझं वय माझ्या पुढे पळत होतं आणि मी मागे राहिले होते. बाळ गेलं. पुढची दोन वर्षं मी त्या घरात भाकरी थापल्या आणि टोमणे गिळले, मग एक दिवस पिशवी उचलून माहेरी आले. कोणी आणलं नाही. आपली आपण आले.

या सगळ्यात माझं खरं वय कोणीही कुठेही लिहिलं नव्हतं. पत्रिकेवर नाही, दवाखान्याच्या कागदावर नाही.

मी लिहिलं: हो. पंधरा.

 लिहून बरं वाटलं. खूप दिवस दाढेत अडकलेलं काहीतरी निघावं तसं.

मॅडमना त्याच दुपारी साक्रीच्या वर्गावर जायचं होतं. गठ्ठा बरोबर नेणार होत्या, पण अभिमन सर म्हणाले, एवढं ओझं कशाला वागवता, कपाटात ठेवतो, उद्या जळगावला परत जाताना घेऊन जा. मॅडम जरा घुटमळल्या. मग नावं तर नाहीतच, असा विचार केला असेल, आणि गठ्ठा देऊन गेल्या.

अभिमन सरांविषयी सांगायला हवं. माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर सोपं झालं असतं. वर्ग त्यांनीच सुरू केला, गावोगाव फिरून आईबापांच्या हातापाया पडून पोरं गोळा केली. माझ्या बापाला तेच म्हणाले होते की पोरीला दहावी करू द्या. पण त्यांना फोटोची हौस. कुठलाही कार्यक्रम असो, फेटा, शाल, माईक. तालुक्याच्या बालविवाह प्रतिबंध समितीवर ते सदस्य आहेत, आणि ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागे फ्लेक्स लावला आहे: ‘आमचे केंद्र, बालविवाहमुक्त केंद्र.’ खाली त्यांचा हात जोडलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर तोताराम ऑफिसातून बाहेर येत होता. कान लाल. काय झालं विचारलं तर म्हणाला की सरांनी रात्री सगळे फॉर्म वाचले, नंबर हजेरीपटाशी जुळवले, आणि आता एकेकाला बोलावून कोरा फॉर्म हातात देताहेत. सुधारून लिहा म्हणे. संस्थेचा अहवाल वरपर्यंत जातो, केंद्राची मान्यता जायची, मग बसा ढाब्यावर. “मी गुटखा सोडला,” तोताराम म्हणाला. “कागदावर.” आणि खिशातून पुडी काढून दातांनी फाडली.

असं एकेक जण आत जाऊन निर्व्यसनी होऊन बाहेर येत होता. तासाभरात आमच्या वर्गात ना कोणी दारू पीत होतं, ना कोणाच्या घरात कोणी हात उचलत होतं. सगळी पोरं दूध पीत होती.

मग माझा नंबर आला.

सरांनी मला बस म्हटलं. कधी म्हणत नाहीत. टेबलावर माझा फॉर्म, शेजारी कोरा फॉर्म, आणि त्याच्या शेजारी माझं परीक्षेचं प्रवेशपत्र. आदल्या दिवशीच बोर्डाकडून आली होती सगळ्यांची. त्यावर सरांची सही आणि शिक्का लागतो, नाहीतर केंद्रावर दारातून परत पाठवतात. माझ्या प्रवेशपत्रावर सहीची जागा कोरी होती.

सर खूप समजुतीने बोलले. बाकी काही बदलू नको म्हणाले. लग्न झालं, दिवस राहिले, त्यात लपवण्यासारखं काय, सगळ्या जगाला माहीत आहे. फक्त तो आकडा. पंधराचे अठरा कर. एक आकडा बेटा, तुझं काय जातं. कोण बघणार आहे. पण पंधरा राहिलं तर प्रश्न माझ्या केंद्रावर येतो, समितीवर येतो. आणि तुझ्या बापावरही केस होऊ शकते, त्याचा विचार कर.

मी म्हटलं, नाही करणार.

सरांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी परत सांगितलं, आता जरा हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं. मी परत नाही म्हटलं. मग त्यांनी प्रवेशपत्र उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि म्हणाले की तुझ्या आईला बोलावून घेतो.

वर्गात येऊन बसले. या प्रवेशपत्रासाठी मी काय काय केलं होतं. सकाळी कापूस वेचायचा, दुपारी वर्ग, रात्री बापाचं बोलणं. दहावी झाली की नर्सिंगचा कोर्स करायचा होता, कारण त्या दवाखान्यात माझ्याकडे बघून एकच बाई ‘दुखतंय का गं’ म्हणाली होती आणि ती नर्स होती. दहावीशिवाय तो कोर्स नाही. सरांच्या सहीशिवाय दहावी नाही. मधे एक आकडा. बाजूची पोरगी म्हणाली की वेडी आहेस का, लिहून टाक. तोताराम म्हणाला की मीही लिहिलं, काय झालं मला. सगळे म्हणत होते आणि सगळ्यांचं बरोबर होतं. माझं मात्र एकच होतं. पहिल्या वेळी माझ्या वयात खोट घातली तेव्हा मी नऊवारीत गुंडाळलेली होते. या वेळी पेन माझ्या हातात होतं.

आई तासाभराने आली. शेतातूनच आली होती, पायाला माती. यशोदाबाई बसा, म्हणून सरांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सरांनी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती माझ्याकडे वळली.

“लिखी टाक ना अठरा,” आई म्हणाली. “तुनं काय जास?”

मला तिचा राग यायला हवा होता, पण नाही आला. तिने आयुष्यभर हेच केलं. कोणी काही सांगितलं की आपलं काय जातं असं म्हणून ती देऊन टाकायची, आणि देता देता तिचं सगळं गेलं.

तेवढ्यात रुची मॅडम आल्या, गठ्ठा न्यायला. सर चपळ माणूस. हसत म्हणाले, या या, एक फॉर्म चुकलाय तेवढा, या मुलीने वय चुकीचं लिहिलंय, तेवढं दुरुस्त करून घेतो. मॅडमनी विचारलं की तुम्हाला कसं कळलं कोणाचा फॉर्म आहे? सरांनी बिनदिक्कत कोपरा दाखवला. हा काय, नंबर.

मॅडमनी गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक पान उलटत गेल्या. प्रत्येक कोपऱ्यात नंबर. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी बघितला. कोणाला कळणार नाही, असं त्या आम्हाला म्हणाल्या होत्या. त्यांच्याच शब्दावर आम्ही लिहिलं होतं.

खिडकीशी वर्ग गोळा झाला होता. जाळीत तोंडं दिसत होती. सर घाईत होते. मला म्हणाले, चल, मॅडमसमोरच कर, अठरा लिही, हे बघ तुझं प्रवेशपत्र काढलं, लगेच सही करतो. लग्नात तर अठराच होती ना तू. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी म्हटलं, “तुम्ही होतात ना सर लग्नात. पहिल्या पंगतीला होतात. फेटा बांधला होता तुम्हाला, आणि माईकवर तुम्ही आशीर्वाद दिला. त्याच वर्षी, शाळा बंद पडायच्या आधी, आमच्या शाळेत येऊन तुम्ही मला चित्रकलेचं बक्षीस दिलं होतं, नववीच्या वर्गात. नववीतली मुलगी अठराची असते का?”

 सरांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग मातीसारखा. ते म्हणाले की गावचा मान राखायला जावं लागतं, समाजात राहायचं असतं, मी काय तुझं वय विचारत बसलो होतो का. मग एकदम आवाज चढला. सही करणार नाही म्हणाले. घरी जा, म्हणाले.

“नका करू,” मी म्हटलं. “एकदा माझ्या वयाचे तुम्ही सगळ्यांनी अठरा केलेत तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता विचारताय. तर माझं उत्तर ‘नाही’.”

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय घालवलं. वर्ष गेलं. कदाचित कोर्सही. पण तोंडातून निघालेलं परत घ्यावंसं एक क्षणही वाटलं नाही, हेही खरं.

सर आईकडे वळले. शेवटचा उपाय म्हणून. म्हणाले, यशोदाबाई, तुम्हीच सांगा मॅडमना, आई खोटं बोलत नाही. किती वर्षांची होती पोरगी?

आईने पदर सारखा केला. सरांकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग जमिनीकडे. मला वाटलं आता म्हणेल अठरा. मी मनातल्या मनात तयार झाले होते.

“पंधरा व्हती,” आई म्हणाली. “मनी पोर शे, माले माहीत नही का? तुमले बी माहीत व्हतं, सर. बठ्ठासले माहीत व्हतं.”

सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. आवाज वाढवला नाही, रडली नाही. चौकट मात्र सोडली होती तिने. आपल्या पायावर उभी होती.

खिडकीतून तोताराम ओरडला की मला माझा पहिला फॉर्म परत पाहिजे. मग दुसरा कोणीतरी म्हणाला, मलाही. मग सगळेच. मी गुटखा खातो, लिहा. माझा बाप मारतो, लिहा. आमच्या घरी दूध येत नाही, लिहा. पुढच्या शाळेतली गणवेशवाली पोरं जाळीपाशी धावत आली, आत काय चाललंय बघायला.

रुची मॅडमनी सरांना शांतपणे सांगितलं की फॉर्म उघडले गेले, हे मला वर कळवावं लागेल, आणि का उघडले तेही. सर म्हणाले, अहो, घरातली गोष्ट, एवढ्यावर कुठे. मॅडम म्हणाल्या की मुलीचं प्रवेशपत्र अडवलं होतं, तेही कळवावं लागेल. सरांनी पेन काढलं. सही केली. शिक्का इतक्या जोरात मारला की शाई टेबलावर उडाली. प्रवेशपत्र माझ्या अंगावर सरकवून म्हणाले, पुढे काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही.

मी घेतलं. उपकार म्हणून नाही घेतलं. माझंच होतं.

मॅडम मला म्हणाल्या की तुझा फॉर्म मी नीट नेईन. मला त्यांचाही राग आला होता. त्यांच्या हातून गठ्ठा सुटला नसता तर हे झालंच नसतं, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. सबब सांगितली नाही. सरांच्या टेबलावरची कात्री उचलली आणि आमच्यासमोर, ओट्यावर मांडी घालून, एकेका जुन्या फॉर्मचा नंबर असलेला कोपरा कापून टाकला. सुधारलेले फॉर्म फाडले. माझा फॉर्म गठ्ठ्याच्या मध्ये कुठेतरी गेला. मी विचारलं की अहवालात हे दिसेल का. म्हणाल्या, तू दिसणार नाहीस, टक्क्यांत दिसेल. टक्का तर टक्का, मी म्हटलं. पण पंधराचा.

आई आणि मी स्टँडकडे चालत निघालो. ऊन उतरत होतं. ती माझ्या दोन पावलं पुढे, नेहमीप्रमाणे भराभर.  देवपूर ओलांडल्यावर वळून म्हणाली, “आते घर जाईसन तुना बापले काय सांगू?”

हा प्रश्न खरा होता. रात्री घरात काय होणार ते आम्हा दोघींना माहीत होतं. तो ओरडणार, ताट फेकणार, पोरीला बाहेर काढ म्हणणार. मी म्हटलं की तू काही सांगू नको, मी सांगते. आई थांबली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने माझ्या हातातलं प्रवेशपत्र घेतलं. तिला वाचता येत नाही. फोटो बघितला, शिक्क्याची ओली शाई लागू नये म्हणून बोट लांब ठेवून.

“नही,” म्हणाली. “मी बी सांगसू.”

काळीपिवळी आली. आत जागा नव्हती. आम्ही दोघी कोंबून बसलो.